पत्रीचा न्याय आणि आपला न्याय

गेल्या पावसाळ्यात वाळवा तालुक्यातल्या एका गावात आमच्या गटाची बैठक होती. विषय नेहमीचाच. नवऱ्यानं टाकलेली, माहेरी भावजयीच्या हाताखाली राबणारी एक तरुण बाई, आणि दुसरी बायको करून उजळ माथ्यानं फिरणारा तिचा नवरा. पोटगीची केस तीन वर्षं चालू होती. तारखेला जायचं म्हणजे रोजगार बुडवायचा, आणि गेलं तर समोरचा वकील हजर नसायचा. सगळं ऐकून झाल्यावर कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आवं ताई, कोर्टकचेरी कशाला करताय? नाना पाटील असतं तर ह्याच्या तळपायावर पत्री बसली असती. दुसऱ्या दिशी बायकूला न्यायला आला असता." सगळ्या बाया हसल्या. मग त्यातल्या एकीनं हसणं थांबवून विचारलं, "मग आपुन का करत न्हाई तसं?"

त्या प्रश्नाला मी त्या दिवशी नीट उत्तर दिलं नाही. वेळ मारून नेली. पण सातारा-सांगलीत काम करणाऱ्या कुठल्याही कार्यकर्तीला हा प्रश्न नवा नाही. बैठकीत, मोर्चात, एस.टी.त शेजारी बसलेल्या बाईकडून तो कधी ना कधी येतोच. म्हणून आज त्यावर जरा सविस्तर लिहायचं ठरवलं आहे.

आधी नाना पाटलांविषयी. त्यांचं नाव या भागात अजून घरातल्या माणसाचं घ्यावं तसं घेतलं जातं. १९०० साली जन्मलेला येडेमच्छिंद्रचा हा शेतकऱ्याचा मुलगा. तलाठ्याची नोकरी करत होता. सत्यशोधक विचारांचे संस्कार झालेले. १९३० च्या सविनय कायदेभंगात नोकरी सोडली आणि पुढची बारा वर्षं तुरुंगाच्या आत-बाहेर काढली. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथं कचेऱ्यांवर मोर्चे गेले. वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर चळवळ जमिनीखाली गेली आणि १९४३ पासून १९४६ पर्यंत तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगलीच्या मोठ्या भागात, इंग्रजांच्या नाकावर टिच्चून प्रतिसरकार चाललं. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर, कासेगावचे बाबूजी पाटणकर असे अनेक जण त्यात होते. रेल्वे आणि खजिने लुटले गेले, तुफान सेना उभी राहिली, नाना पाटलांवर बक्षीस लागलं. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते न्यायदान मंडळाचं काम.

ही मंडळं गावात बसत. सावकारानं लाटलेली जमीन, दारूचा गुत्ता, भाऊबंदकी अशा तक्रारी तिथं येत, आणि आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं म्हणजे बायकांच्या तक्रारीही येत. बायकोला टाकणारा, तिचा छळ करणारा, बाईवर हात टाकणारा माणूस गावासमोर उभा केला जाई. खर्चिक लग्नांना फाटा देऊन हार घालून होणारी 'गांधी लग्नं' याच काळात गावोगाव लागली. ज्या काळात बाईला नवऱ्याविरुद्ध तक्रार करायला जागाच नव्हती, त्या काळात ती तक्रार ऐकून घेणारं 'सरकार' तिच्या दारात आलं, ही लहान गोष्ट नव्हती.

आणि शिक्षा? तळपायावर काठीचे फटके. त्याहून भयंकर एक कथा सांगितली जाते, की घोड्याला नाल ठोकावी तसे पायाला पत्रे ठोकत. पत्रे ठोकणं ही इंग्रजांनी उठवलेली आवई होती, आम्ही फक्त तळपायावर मारायचो, असं चळवळीतली मंडळी सांगत आली आहेत. काहीही असो, 'प्रतिसरकार'चं लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार' झालं ते या शिक्षेमुळं. इंग्रजांचे खबरे, गावगुंड, दरोडेखोर, बायकोला छळणारा नवरा, सगळ्यांना एकच औषध.

याच गोष्टीमुळं नाना पाटील तेव्हाही वादाचा विषय होते. १९४४ साली तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला. साताऱ्यातल्या बहुतेकांनी तो मानला नाही. काँग्रेसमधल्या अनेकांना हे सरकार म्हणजे अत्याचारी टोळी वाटे. स्वातंत्र्यानंतर नानांनी काँग्रेस सोडली, शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढं कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत १९५७ साली साताऱ्यातून आणि नंतर १९६७ साली बीडमधून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्याबरोबरच्या काळात भूमिगत असलेले यशवंतराव चव्हाण आणि वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. कारखाने, बँका, कॉलेजं उभी राहिली. नाना पाटील विरोधी बाकावरच राहिले आणि १९७६ साली फारशी मालमत्ता मागं न ठेवता गेले. त्यांच्या आयुष्यातली मला सगळ्यात लक्षात घेण्यासारखी वाटणारी गोष्ट हीच आहे, की १९४६ नंतरचं त्यांचं राजकारण सभांचं, मोर्चांचं आणि मतपेटीचं होतं. आज पत्रीची आठवण काढणारे आपण त्यांच्या आयुष्यातली तीन-चार वर्षं उचलतो आणि पुढची तीस सोडून देतो.

दुसरी सोडून दिलेली गोष्ट बायकांची. नाना पाटलांची मुलगी हौसाताई २०२१ साली वारल्या. आई लहानपणीच गेलेली, वडील तुरुंगात नाहीतर भूमिगत, जमीन आणि घर सरकारनं जप्त केलेलं. या घराला काम द्यायलाही लोक भीत. आजीनं कष्ट करून त्यांना वाढवलं. या आजीच्या नावानं कुठं चौक नाही. पण वर्षानुवर्षं पोलिसांच्या नजरेखाली तिनं घर चालवलं नसतं, तर क्रांतिसिंह निर्धास्तपणे रानात राहू शकले असते का?

हौसाताईंनी स्वतःही मोठी कामं केली. त्यांची भवानीनगरच्या पोलीस ठाण्याची हकिकत त्यांनी म्हातारपणी सांगून ठेवली आहे. १९४३ साल. ठाण्यातली शस्त्रं पळवायची होती. त्यासाठी ठाण्यासमोर एक नाटक करायचं ठरलं. घरचा माणूस बाईला रस्त्यात मारतोय, आता दगड घालून जीवच घेणार, असं ते नाटक. मार खाणारी बाई म्हणजे हौसाताई. मारणारा त्यांचा साथीदार. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि मागच्या मागं बाकीच्यांनी शस्त्रं नेली. नाटक खरं वाटावं म्हणून मार खराच बसला आणि त्याबद्दल नंतर त्या साथीदारावर रागावल्याही.

ही गोष्ट मी शिबिरात सांगते तेव्हा बाया खूप हसतात. मग मी विचारते, की हेच नाटक का ठरलं असेल? कारण बाईला मार बसतोय हे दृश्य इतकं रोजचं होतं की कुणाला संशय येणार नव्हता. इंग्रजांचे पोलीससुद्धा फसले. लढ्याला बाईचा मार उपयोगी पडला. पण हा मार बंद करायचा लढा कुणी, कधी करायचा, हा प्रश्न तसाच राहिला.

इंदूताई पाटणकरांनी तो पुढं नेला. कोवळ्या वयात घर सोडून त्या चळवळीत आल्या. १९५२ साली बाबूजींचा खून झाला. पदरात लहान मूल. शिक्षिकेची नोकरी करून त्यांनी मुलाला वाढवलं आणि नव्या पिढीच्या बायकांबरोबर ऐंशीच्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. परित्यक्ता बायकांचा प्रश्न या जिल्ह्यांत मोर्चा काढण्याचा विषय झाला तो या चळवळीमुळं. टाकलेल्या बाईला स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड हवं, घराला जागा हवी, जमिनीचा तुकडा हवा, या मागण्या तेव्हा वेड्यासारख्या वाटल्या होत्या. २०१७ साली इंदूताई गेल्या. प्रतिसरकारची पिढी पाहिलेली ही बाई नवऱ्याच्या तळपायावर काठी मागत नव्हती, बाईच्या नावावर कागद मागत होती. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

नायकांकडं कसं बघावं, हा प्रश्न फक्त कृष्णाकाठचा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या विनी मंडेला २०१८ साली वारल्या, तेव्हा आमच्या गटात त्यांच्यावर बरीच चर्चा झाली होती. मला त्यांच्याबद्दल विशेष जवळीक वाटते याचं एक कारण म्हणजे त्या शिक्षणानं आपल्यासारख्याच समाजसेविका. जोहान्सबर्गच्या मोठ्या रुग्णालयातल्या पहिल्या कृष्णवर्णीय वैद्यकीय समाजसेविका. नवरा सत्तावीस वर्षं तुरुंगात. १९६९ साली त्यांनाही पकडलं, ४९१ दिवस डांबलं, बराचसा काळ एकांतकोठडीत. १९७७ साली दूरच्या ब्रँडफोर्ट गावी हद्दपार केलं. एवढं सोसून ही बाई उभी राहिली, बोलत राहिली. लोक तिला देशाची आई म्हणू लागले.

मग १९८६ साली एका सभेत काडेपेटी आणि जळत्या टायरनं देश मुक्त करू अशा अर्थाचं त्या बोलल्या. खबऱ्या ठरवलेल्या माणसाच्या गळ्यात पेट्रोलनं भिजलेला टायर घालून पेटवायचा, अशी ती शिक्षा होती. त्यांच्या घराभोवती फुटबॉल क्लबच्या नावाखाली तरुणांची टोळी जमली. १९८८ च्या अखेरीस या टोळीनं काही मुलं पळवून आणली. त्यातला स्टॉम्पी सेपेई चौदा वर्षांचा. खबऱ्या असल्याचा आरोप ठेवून त्याला मारहाण झाली आणि पुढं त्याचं प्रेत सापडलं. १९९१ साली विनीबाई अपहरणाच्या गुन्ह्यात दोषी ठरल्या. १९९३ च्या अपिलात तुरुंगवास टळला, दंडावर भागलं. पुढं त्या उपमंत्री झाल्या, काढल्या गेल्या, १९९६ साली घटस्फोट झाला. १९९७ साली सत्य आणि सलोखा आयोगापुढं त्यांची सुनावणी झाली. आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी अक्षरशः विनवणी केली, तेव्हा कुठं त्यांनी काही गोष्टी फार वाईट घडल्याचं मान्य केलं. त्या सभागृहात स्टॉम्पीची आई बसलेली होती.

आमच्या चर्चेत दोन तट पडले. एकजण म्हणाली, पुरुष नेत्यांनी असं कितीतरी केलं, त्यांना कुणी विचारलं नाही. विनीबाई बाई म्हणून तिच्या खासगी आयुष्यापासून सगळं चव्हाट्यावर आणलं. हे अगदी खरं आहे. पुरुषाच्या हातून झालेल्या हिंसेला आपण 'काळाची गरज' म्हणतो आणि बाईच्या हातून झाली की तिचं चारित्र्य काढतो. दुसरी म्हणाली, पण त्या पोराच्या आईचं काय? हेही खरं आहे. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही खरी असतील तर दोन्ही बोलावी लागतील. बाई आहे म्हणून विनीबाईंना सोडायचं नाही, आणि आपले आहेत म्हणून आपल्या नायकांनाही सोडायचं नाही. नाना पाटलांना मी विनीबाईंच्या शेजारी बसवत नाही. प्रतिसरकारच्या न्यायाला गावाची बैठक होती, पंच होते, काही एक शिस्त होती. टोळीच्या न्यायाला तसलं काही नव्हतं. पण दोन्हीकडं 'खबऱ्या' हा एक शब्द पुरत होता. तो शब्द चुकीच्या माणसाला चिकटला तर सोडवायला वर कुणी नव्हतं.

शिक्षा जमावाच्या हाती गेली की काय होतं, हे आपल्याच भागानं फार लवकर पाहिलं. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला आणि सातारा-सांगली-कोल्हापुरात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. ज्यांचा त्या खुनाशी काही संबंध नव्हता त्या बाया, मुलं, म्हातारी माणसं उघड्यावर आली. त्याचा दोष नाना पाटलांच्या माथी मारायचा माझा हेतू नाही. पण 'अपराध्याला गावानं धडा शिकवावा' ही भावना एकदा सुटली की अपराधी कोण हे ठरवायला ती थांबत नाही, एवढं त्यातून शिकायला हवं.

आता माझा स्वतःचा एक अनुभव सांगते. आठ-नऊ वर्षांपूर्वी, मी या कामात नवी असताना, एका गावात बायकोला जाळायची धमकी देणाऱ्या नवऱ्याकडं आम्ही सात-आठ जणी गेलो. बरोबर गावातल्या तरुण मंडळाची पोरं होती. बोलणं सुरू झालं, तो उद्धट बोलला, आणि एका पोरानं त्याच्या कानाखाली लगावली. मग दुसऱ्यानं. आम्ही थांबवलं नाही. खरं सांगायचं तर बरं वाटलं. परत येताना जीपमध्ये आम्ही गाणी म्हटली.

त्यानं माफी मागितली, कागदावर सही केली. महिनाभरानं मी चौकशीला गेले तर बाई दार उघडेना. शेजारणीनं सांगितलं, गावासमोर खाल्लेल्या एकेका थपडेचा हिशेब तो रात्री दार लावून तिच्याकडून वसूल करत होता. तिनं आम्हाला पुन्हा कधी बोलावलं नाही. आणि ज्या पोरांना आम्ही हौसेनं बरोबर नेलं होतं, त्यांनीच पुढच्या वर्षी गावातल्या एका मुलीला दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर पाहिलं म्हणून त्या मुलाला मारलं आणि मुलीला घरी बसवलं. त्यांच्या दृष्टीनं तेही न्यायाचंच काम होतं. हात उचलायची सवय आम्ही लावली नव्हती, पण त्या हाताला आमची मान्यता मिळाली होती.

म्हणून बैठकीतल्या त्या बाईला आज मी उत्तर देईन, ते असं. प्रतिसरकारच्या न्यायात बाईला जे मिळालं ते काठीमुळं मिळालं असं आपण समजतो. मला तसं वाटत नाही. तिचं म्हणणं गावात, तिच्या भाषेत, सगळ्यांसमोर ऐकलं गेलं. निकाल लांबला नाही. वकिलाला पैसे लागले नाहीत. नवऱ्याला गावासमोर उभं राहून उत्तर द्यावं लागलं. तिची लाज संपली आणि त्याची सुरू झाली. हे सगळं काठीशिवाय करता येतं. काठीनं मात्र बाईला दुसऱ्याच्या हाताची मिंधी केलं. पंच बहुतेक पुरुष, मारणारे पुरुष, मार खाणारा पुरुष. बाई फक्त तक्रार करणारी. तुफान सेना निघून गेल्यावर घरात ती एकटीच होती.

कायद्याची बाजू घेऊन 'कोर्टात जा' असं म्हणणं सोपं आहे आणि तेवढंच म्हणून भागत नाही, हे मला मान्य आहे. १९८३ साली ४९८-अ आलं, २००५ साली कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा झाला, तो २००६ पासून लागू आहे. कायदे आपल्याच चळवळीनं भांडून मिळवले. पण ते आपल्या वस्तीपर्यंत पोचतात तेव्हा बाईचं तारुण्य संपलेलं असतं. ज्या भवानीनगरच्या नाटकात पोलीस बाईला वाचवायला ठाण्याबाहेर धावले, तसे आज खऱ्या मारासाठी धावतातच असं नाही. अनेकींना 'घरगुती बाब आहे, मिटवून घ्या' एवढंच ऐकावं लागतं. त्यामुळं पत्रीची आठवण काढणारी म्हातारी चुकीची नाही. ती काठी मागत नाही, ती वेळेवर न्याय मागते आहे. तिला दुसरं नाव माहीत नाही.

ते दुसरं नाव आपण द्यायला हवं. गावातल्या गावात, उघड्यावर, महिन्यातून एकदा सुनावणी बसवावी. पंचांमध्ये निम्म्याहून जास्त बाया असाव्यात आणि त्यांत टाकलेल्या, विधवा, दलित वस्तीतल्या बाया असाव्यात. दोन्ही बाजू ऐकाव्यात, लिहून घ्याव्यात, वाचून दाखवाव्यात. निकालानंतर पहिला महिना रोज कुणीतरी त्या घरी जाऊन यावं, कारण खरी शिक्षा त्या महिन्यात बाईलाच होत असते. जिवाला धोका असेल तर मिटवामिटवी न करता सरळ तक्रार नोंदवायला सगळ्यांनी मिळून ठाण्यात जावं आणि नोंद होईपर्यंत उठू नये. बलात्कार, जाळणं असले गुन्हे गावाच्या बैठकीत मुळीच घेऊ नयेत. बाई स्वतःचा जीव वाचवायला हात उचलते तो प्रश्न वेगळा, तिथं आपण तिच्या बाजूनंच उभं राहायचं. पण गटानं, मंडळानं, कुणाच्या वतीनं हात उचलायचा नाही. आणि घर, जमीन, रेशनकार्ड यांवर बाईचं नाव लावायची इंदूताईंची मागणी पहिल्या बैठकीपासून धरून ठेवावी. जिच्या पायाखाली जागा आहे तिला कुणाच्या तळपायावर मारायची गरज फार कमी पडते.

माझ्या काही ज्येष्ठ मैत्रिणींना हे मत पटणार नाही. तोंडाला काळं फासल्याशिवाय, दारात जाऊन चार शब्द सुनावल्याशिवाय या पुरुषांना कळत नाही, असा त्यांचा वर्षांचा अनुभव आहे, आणि त्या अनुभवाला मी हलकं लेखत नाही. तुमच्या गावात अशी शिक्षा झाली असेल, तर त्यानंतर त्या बाईचं काय झालं हे आवर्जून लिहून पाठवा. नवऱ्याचं काय झालं ते आपल्या सगळ्यांच्या लक्षात राहतं. तिचं काय झालं ते पुढच्या अंकात वाचायला मला आवडेल.